गॅडोलिनियमच्या धातू-काचेवर घरचा फ्रिज चालेल का? एमएस्सी प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

घरचा फ्रिज चालणार नाही. प्रोजेक्टला विषय मात्र जरूर घ्या. मी स्वतः एमएस्सीनंतर दोन वर्षं गॅडोलिनियमच्या फिती ओतल्या आणि मोजल्या आहेत. तेव्हा हे उत्तर थोडं आपुलकीनं लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. गॅडोलिनियमच्या अणूत ४एफ कक्षेत सात इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, म्हणून प्रत्येक अणू हा एक जोरदार छोटा चुंबक असतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की हे सगळे एका दिशेला वळतात. त्यांची एंट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) कमी होते आणि तेवढी उष्णता अणूंच्या कंपनात जाऊन धातू गरम होतो. ही उष्णता बाहेर काढून टाकायची आणि मग क्षेत्र काढून घ्यायचं. चुंबक पुन्हा विस्कळीत होतात, त्यासाठी लागणारी उष्णता धातूतूनच घेतात आणि धातू आधीपेक्षा थंड होतो. याच तत्त्वावर गिऑक आणि मॅकडूगल या शास्त्रज्ञांनी १९३३ साली गॅडोलिनियम सल्फेट वापरून ०.२५ केल्विन, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्य, गाठलं होतं. ज्या तापमानाखाली हे चुंबक आपणहून शिस्तीत येतात ते क्युरी तापमान. हा परिणाम त्याच्याच आसपास सर्वाधिक असतो. शुद्ध गॅडोलिनियमचं क्युरी तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणून खोलीच्या तापमानावरच्या चुंबकीय फ्रिजच्या प्रयोगांत आजही त्याचाच मान पहिला.

आता धातू-काच, म्हणजे अणूंच्या ठरावीक रांगा नसलेला धातू. चिक्कीचा पाक आठवा. तो न ढवळता पटकन गार केला की पारदर्शक, कडक होतो. घोटत बसलात तर दाणे धरतो. धातूचंही तसंच. वितळलेला मिश्रधातू वेगानं फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडला की सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगानं गार होतो, अणूंना रांगा लावायला वेळच मिळत नाही आणि वीस-चाळीस मायक्रॉन जाडीची फीत हातात येते. गॅडोलिनियममध्ये ॲल्युमिनियम आणि कोबाल्ट योग्य प्रमाणात असेल तर इतकी घाईही लागत नाही, काही मिलिमीटर जाडीची कांडीसुद्धा काचरूप ओतता येते.

या विषयाचा खरा गाभा इथे आहे. स्फटिकात प्रत्येक गॅडोलिनियम अणूचे शेजारी सारखे, अंतरं सारखी. म्हणून सगळे चुंबक साधारण एकाच तापमानाला शिस्तीत येतात आणि एंट्रॉपी-बदलाचा आलेख टोकदार येतो. काचेत प्रत्येक अणूचा शेजार वेगळा. कुठे ओढ जास्त, कुठे कमी. त्यामुळे तो बदल मोठ्या तापमानपट्ट्यावर पसरतो आणि आलेखाचा डोंगर रुंद होतो. २००६ साली बीजिंगच्या भौतिकशास्त्र संस्थेतल्या गटानं गॅडोलिनियम ५३, ॲल्युमिनियम २४, कोबाल्ट २०, झिर्कोनियम ३ या काचेसाठी ५ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ९.४ जूल प्रति किलो केल्विन एवढा एंट्रॉपी-बदल आणि ५९० जूल प्रति किलो शीतन-क्षमता (डोंगराची उंची आणि रुंदी मिळून येणारा आकडा) मोजली. त्याच निकषावर गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या गाजलेल्या स्फटिकाचा आकडा ३०५ आहे.

पण या ५९० ला भुलू नका. त्या काचेचं क्युरी तापमान ९३ केल्विन आहे, म्हणजे उणे १८० सेल्सिअस. सिलिकॉन-जर्मेनियमवाला स्फटिक खोलीच्या तापमानाजवळ काम करतो. दोघांची थेट तुलना मला कधीच पटली नाही. शिवाय ५ टेस्लासाठी अतिवाहक चुंबक लागतो, कायमचुंबकातून दीड टेस्लाच्या आसपासच मिळतं. लोह घालून क्युरी तापमान वर ओढता येतं, पण काच बनण्याची क्षमता घटते.

म्हणून या काचांची जागा थंड टोकाला आहे. हायड्रोजन उणे २५३ अंशाला द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. तिथपर्यंत उतरायला टप्प्याटप्प्यानं काम करणारे पदार्थ हवेत, आणि घटकांचं प्रमाण बदलून काचेचं क्युरी तापमान हवं तिथे सरकवता येतं, कारण काचेला ठरावीक स्फटिकरचनेचं बंधन नसतं. विद्युतरोध जास्त असल्यानं एडी करंटनं (बदलत्या क्षेत्रामुळे धातूत फिरणाऱ्या प्रवाहानं) होणारी गरमीही कमी. गॅडोलिनियमच्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल असल्यानं या काचा चुंबकीयदृष्ट्या मऊ असतात, म्हणजे त्यांचे चुंबक सहज वळतात. होल्मियम, डिस्प्रोशियम घातलंत तर ढग चपटा होतो, प्रत्येक अणूची सोयीची दिशा वेगळी पडते आणि कमी तापमानाला चुंबक गोठून हिस्टेरेसिस दिसू लागतो, म्हणजे क्षेत्र बदललं तरी चुंबक मागे रेंगाळतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

प्रोजेक्टसाठी एवढंच: नुसतं चुंबकन मोजून एंट्रॉपी काढू नका, उष्माधारकताही मोजा, कारण तापमान किती उतरेल ते तिच्याशिवाय कळत नाही. फीत क्षेत्राला समांतर ठेवा. काटकोनात लावलीत तर विचुंबकन क्षेत्रामुळे (फितीच्या स्वतःच्या, उलट दिशेच्या क्षेत्रामुळे) डोंगर बुटका दिसतो. माझे पहिले दोन महिने यातच गेले. वितळवताना आर्गॉन शुद्ध असू द्या, गॅडोलिनियम ऑक्सिजन लगेच धरतं. आणि एक्स-रे आलेखात टोकदार रेषा दिसली तर आत स्फटिक बनलेत, ती फीत बाजूला ठेवून दुसरी ओता.