छोट्या कॉलेजाचं बास्केटबॉल कसं बघावं: पिट्सफिल्डच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डला येऊन चारच महिने झालेत, अकरा वर्षांच्या लेकाला बास्केटबॉलचं वेड लागलंय, आणि बॉस्टनला जाऊन सेल्टिक्सचा (एनबीए या व्यावसायिक लीगमधला तिथला संघ) सामना बघायचा तर चौघांची तिकिटं खिशाला झेपत नाहीत. त्यात येऊन-जाऊन पाच तास गाडी. मग जवळपासच्या छोट्या कॉलेजांचे सामने बघण्यात काही राम आहे का, की ती नुसती पोरापोरांची मॅच असते, असा तुमचा प्रश्न आहे.

राम आहे, आणि भरपूर आहे. 2002 च्या डिसेंबरात मी नॉर्थ ॲडम्सला राहायला आले. शाळेत असताना नागपूरला डांबरी कोर्टवर गुडघे फोडून घेत खेळले होते, तेवढंच माझं भांडवल. इथे कुणाशी ओळख नव्हती, चार वाजता अंधार पडायचा. शेजारच्या आजी एका शुक्रवारी म्हणाल्या, चल, शेजारच्या विल्यमस्टाउनला विल्यम्स कॉलेजची मॅच आहे. जिममध्ये शिरले आणि लाकडी कोर्टवर बुटांचा तो चर्रर्र आवाज कानावर आला, तेव्हा या देशात पहिल्यांदा मला ओळखीचं काहीतरी सापडलं. त्याच सीझनला, मार्च 2003 मध्ये, विल्यम्सने अंतिम सामन्यात गस्टाव्हस अडॉल्फसला 67-65 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मला वाटलं, हे दरवर्षीच होत असेल. तेव्हापासून मी घरचा सामना सहसा चुकवलेला नाही आणि ते विजेतेपद काही पुन्हा आलेलं नाही.

आता हे ‘छोटं’ म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण गैरसमज तिथेच होतो. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए. तिने 1973 मध्ये कॉलेजांचे तीन विभाग केले. टीव्हीवर मार्चमध्ये जो गाजावाजा बघता तो पहिला विभाग, डिव्हिजन वन. आपल्याजवळची कॉलेजं तिसऱ्या विभागातली, म्हणजे डी-थ्री. संख्येने हाच विभाग सगळ्यात मोठा आहे, चारशेहून जास्त कॉलेजं आहेत. याचा मुख्य नियम एकच लक्षात ठेवा: इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. विल्यम्ससारख्या कॉलेजाचा वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या वर आहे. मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, चेंडू किती उंच उडवतो ते बघून नाही. म्हणजे समोर जो मुलगा चेंडूसाठी फरशीवर झेप घेतोय, त्याला त्या झेपेचा एक पैसा मिळत नाही, आणि रविवारी रात्री त्याला केमिस्ट्रीचा रिपोर्ट लिहायचा असतो. तो खेळतो कारण त्याला खेळल्यावाचून राहवत नाही. हे एकदा मनात बसलं की बघायची नजरच बदलते.

‘मग दर्जा कमी असेल’ असं वाटेल. उंची थोडी कमी असते, उड्या थोड्या कमी असतात, हे खरं. पण पासिंग बघा, डिफेन्समध्ये पाय कसे हलतात ते बघा, वाट अडवून उभ्या असलेल्या साथीदाराच्या आडून (याला ‘स्क्रीन’ म्हणतात) कापत जाणं बघा. शिकणाऱ्या मुलाला एनबीएपेक्षा इथे जास्त कळेल, कारण इथे सगळं पायांवर आणि डोक्यावर चालतं. एनबीएतल्या सॅन अँटोनियो संघाचे गाजलेले कोच ग्रेग पोपोविच 1979 पासून कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या डी-थ्री संघाचे कोच होते. बो रायन यांनी विस्कॉन्सिनमधल्या प्लॅटव्हिलला 1991, 1995, 1998 आणि 1999 अशी चार विजेतेपदं मिळवून दिली, मगच ते मोठ्या विद्यापीठात गेले. आणि आपल्याच राज्यातल्या ॲमहर्स्ट कॉलेजचे कोच डेव्हिड हिक्सन! 1977 पासून चार दशकं एकाच छोट्या कॉलेजात राहिले, 2007 आणि 2013 ची विजेतेपदं जिंकली, आणि 2023 मध्ये पोपोविच यांच्याच बरोबर स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या दालनात, गेले. मी विल्यम्सची. ॲमहर्स्टच्या माणसाबद्दल एवढं चांगलं लिहिताना हात जरा जड होतो, पण मान द्यायचा तिथे द्यायलाच हवा.

हे वैर समजून घ्या, कारण सगळी गोडी त्यात आहे. 1821 मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर, हे कॉलेज फार आडजागी आहे म्हणून सोडून गेले, आणि काही विद्यार्थी बरोबर घेऊन त्यांनी ॲमहर्स्ट सुरू केलं. दोनशे वर्षं झाली त्याला. दोघांचाही रंग जांभळा, त्यामुळे पहिल्यांदा गेलात तर कोण कुणाचं ते कळणार नाही. आमचं शुभंकर जांभळी गाय, ती खूण धरा. या दोघांत तिसरं वेस्लियन, मिळून ‘लिटल थ्री’ म्हणतात. हे तिघे एकमेकांशी सीझनमध्ये दोनदा भिडतात. कॉन्फरन्समधल्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातल्या) बाकीच्यांशी नियमित सीझनमध्ये एकदाच गाठ पडते. तुम्ही वर्षातून एकच सामना बघणार असाल तर विल्यम्स-ॲमहर्स्ट बघा. त्या दिवशी अर्धा तास आधी गेल्याशिवाय चांगली जागा मिळत नाही.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. एकच सामना बघू नका. एक संघ धरा आणि चार वर्षं सोडू नका.

याचं कारण सांगायला मला 2014 मध्ये जावं लागेल. त्या सीझनला डंकन रॉबिन्सन नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा आला. हाडकुळा, उंच, आणि चेंडू हातातून सुटायचा तो इतका अलगद की आजूबाजूच्या बायका बोलता बोलता थांबायच्या. आम्ही राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, सेलम, व्हर्जिनियाला पोचलो, म्हणजे संघ पोचला, मी लॅपटॉपसमोर. उपांत्य फेरीत चक्क ॲमहर्स्टला हरवलं. अंतिम सामना विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरशी होता. शेवटच्या काही सेकंदांत त्यांच्या क्वार्डेल यंगने चेंडू घेऊन अख्खं कोर्ट पार केलं आणि लेअप, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून मारलेला शॉट, टाकला. 75-73. आमच्याकडे एक सेकंदसुद्धा उरला नव्हता. मी बराच वेळ स्क्रीन बंद केली नाही. 2004 ला अंतिम सामना स्टीव्हन्स पॉइंटकडून दोन गुणांनी गेला होता, 2010 ला पुन्हा स्टीव्हन्स पॉइंटकडूनच पाच गुणांनी. तिन्ही वेळा विस्कॉन्सिनची सरकारी विद्यापीठं. त्या राज्याचं चीजही मी त्यानंतर काही महिने घरात आणलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात कोच दुसरीकडे गेले आणि रॉबिन्सनही मिशिगनला गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला, मग खेळला, आणि 2018 मध्ये डिव्हिजन वनच्या अंतिम सामन्यात उतरला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी घेतलं नाही, तरी मायामी हीटकडून एनबीएच्या दोन अंतिम मालिका खेळला. लोक मला विचारतात, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल! वाटतोच. पण माझ्या मनात जास्त जागा आहे ती त्याच्याबरोबरच्या, पण पुढे कुठे न गेलेल्या मुलांना. एक मुलगा होता, तीन वर्षं बेंचच्या टोकाला. टाइमआउटला सगळ्यात आधी उठून पाण्याच्या बाटल्या पुढे करायचा. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सामन्यात दोघे जखमी झाले म्हणून तो उतरला, आणि पहिलाच थ्री-पॉइंटर आत. अख्खं बेंच उभं राहिलं. माझ्या पुढच्या ओळीत त्याची आई होती. दर घरच्या सामन्याला साडेतीन तास गाडी चालवून यायची, तीन वर्षं, मुलगा दोन-दोन मिनिटं खेळताना बघायला. ती मागे वळली आणि मला मिठीच मारली. आधी आम्ही ‘थंडी फार’ यापलीकडे बोललो नव्हतो.

हे एका मॅचमध्ये कळत नाही. त्याआधीची तीन वर्षं तुम्ही तिथे असावं लागतं.

म्हणून ‘सीनियर डे’ चुकवू नका. फेब्रुवारीच्या शेवटाकडे घरच्या एखाद्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांसकट कोर्टवर बोलावतात, फुलं देतात. पाच मिनिटांचा कार्यक्रम. यातल्या बहुतेकांचं बास्केटबॉल आणखी दोन-तीन आठवड्यांत कायमचं संपणार असतं. पुढे बँक, प्रयोगशाळा, वैद्यकीय कॉलेज. आपल्याकडे मुलीच्या पाठवणीला मांडवात जसं होतं, तसं जिममध्ये होतं.

आता थोडं कामाचं. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, नियमित सामने पंचवीसच्या आसपास. कॉन्फरन्सचे महत्त्वाचे सामने जानेवारी-फेब्रुवारीत, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी. सेल्टिक्सच्या हिशेबाने बघाल तर तिकीट नसल्यातच जमा, पुष्कळ ठिकाणी खरोखरच नसतं. तुमच्याकडून विल्यम्स रूट 7 ने सरळ उत्तरेला साधारण वीस मैल. बर्फ असेल तर दुप्पट वेळ धरा आणि लेन्सबरोच्या पुढे घाई करू नका. तिथून पाच मैलांवर नॉर्थ ॲडम्सला एमसीएलए हे सरकारी कॉलेज आहे, तेही डी-थ्री. तिथे गर्दी कमी, त्यामुळे लेकाला थेट बेंचच्या मागे बसवता येईल. कोच टाइमआउटमध्ये काय बोलतात ते ऐकू येतं. त्याला तेच सगळ्यात आवडेल. मुलांच्या कॉलेज सामन्यात एनबीएसारखे चार भाग नसतात, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. त्याला एक वही द्या, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर कुणी चेंडू पकडला ते, मोजायला सांगा. चेंडूमागे डोळे पळवण्यापेक्षा माणसामागे पळवायला तो त्यातून शिकेल.

राष्ट्रीय स्पर्धेचं गणित पहिल्या वर्षी सोडून द्या. एवढंच सांगते: 64 संघ, कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला थेट जागा, उरलेल्या जागा समिती ठरवते, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत शक्यतो बसने जाता येईल अशा अंतरावरचे संघ एकत्र टाकतात, कारण विमानाचा खर्च वाचवायचा असतो. त्यामुळे चांगले शेजारी लवकरच एकमेकांना बाद करतात. मला हे अजिबात पटत नाही. पण यामुळेच मार्चच्या पहिल्या आठवड्यात कधीकधी राष्ट्रीय स्पर्धेचा सामना घरच्याच जिममध्ये, आपल्या नेहमीच्या बाकावर बसून बघता येतो.

एक गोष्ट विल्यमस्टाउनला गेल्यावर मुद्दाम बघा. कॉलेजच्या आवारात एक संगमरवरी खांब आहे, वर पृथ्वीचा गोल. 1806 मध्ये वादळात काही विद्यार्थी तिथे गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले, प्रार्थना केली, आणि ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी परदेशी जायचं ठरवलं. त्यातून अमेरिकन मिशन उभं राहिलं. याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला उतरले, मराठी शिकले, आणि 1826 मध्ये आपल्या नाशिककडच्या भागातच वारले. त्या अमेरिकन मराठी मिशनने 1927 मध्ये नागपाड्याला नेबरहुड हाउस काढलं. नागपाड्याच्या गल्ल्यांतून बास्केटबॉलचे किती राष्ट्रीय खेळाडू निघाले, ते मुंबईकरांना सांगायला नको. आणि हा खेळ जन्मला तोही तुमच्यापासून तासाभरावर, स्प्रिंगफिल्डला, डिसेंबर 1891 मध्ये. जेम्स नेस्मिथ ज्या संस्थेत शिकवत होते तेच आजचं स्प्रिंगफिल्ड कॉलेज, आणि तेही डी-थ्रीमध्ये खेळतं; 2018 मध्ये शेवटच्या चारांत होतं. म्हणजे तुमच्या लेकाचं वेड जिथे सुरू झालं, तिथेच तुम्ही राहायला आला आहात.

शेवटी एक काळजीचं. छोट्या संघावर जीव लावला की मोठ्या संघाच्या चाहत्यांना नसते अशी एक भीती असते: कॉलेजच बंद पडण्याची. पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी 2012 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात होतं, तीन गुणांनी हरलं. 2024 मध्ये ते कॉलेज कायमचं बंद झालं. संघ नाही, जिम नाही, वेळापत्रक नाही. तिथल्या एका जुन्या चाहत्याशी सेलमच्या स्पर्धेत माझी ओळख झाली होती. मी पुढे एका वर्षी सेलमला जाऊन आले होते. बातमी आल्यावर मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजले की अजून हात गाडीच्या किल्लीकडे जातो. विल्यम्स श्रीमंत आहे, त्याला ही भीती नाही. पण एमसीएलएच्या जिममधल्या रिकाम्या ओळी बघितल्या की मला ते आठवतं, म्हणून मी तिथेही जाते. तुम्हीही जा.

पहिल्या सामन्याला येणार असाल तेव्हा इथे कळवा. मी विल्यम्सच्या बेंचच्या समोरच्या बाजूला, खालून चौथ्या ओळीत असते, जांभळा मफलर. लेकाला वही आणि दोन पेन्सिली घेऊन यायला सांगा. दुसऱ्या हाफमध्ये एक हमखास बाकांच्या फटीत पडते.