रहस्यमय मालिका मध्येच स्वतःचे नियम बदलतात तेव्हा एवढी चीड का येते? अशा मालिका बघाव्यात की सोडून द्याव्यात?

रहस्य उलगडलं नाही म्हणून मला कधी फारसा राग आला नाही. नियम बदलला की मात्र डोक्यात तिडीक जाते. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या कायम एकाच पिशवीत कोंबतात. रहस्य अर्धवट सोडलं तर लेखक आळशी म्हणू. नियम बदलला तर तो रडीचा डाव.

अमेरिकन मालिका 'लॉस्ट'चंच घ्या: विमान एका बेटावर कोसळतं आणि वाचलेले लोक तिथे अडकतात. मी इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या लॅनवर, म्हणजे आतल्या कॉम्प्युटर नेटवर्कवर, ती फिरायची. मी त्यासाठी चक्क वही केली होती. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर नियम. काळा धूर: यंत्रासारखा आवाज, खांबांचं कुंपण ओलांडत नाही, बेटावर आधीपासून अडकलेली रूसो म्हणते ही बेटाची सुरक्षा यंत्रणा. बटण: बेटावरच्या भुयारातल्या कॉम्प्युटरमध्ये दर १०८ मिनिटांनी ४, ८, १५, १६, २३, ४२ टाकायचे, नाहीतर जगबुडी. पोरं हसायची. पण दुसऱ्या सीझनच्या शेवटी कळलं की आधी हे बटण सांभाळणाऱ्या डेस्मंडच्या हातून एकदा आकडे वेळेवर पडले नाहीत, चुंबकीय शक्ती उसळली आणि त्यामुळेच विमान पडलं. त्या कॉम्प्युटरच्या प्रिंटआउटवरची तारीख २२ सप्टेंबर २००४, विमान पडलं तोच दिवस! मी रूम पार्टनरला झोपेतून उठवून उजवं पान दाखवलं. फेडावं तर असं.

आणि मग चौथा सीझन. बेटावरच्या जुन्या रहिवाशांचा म्होरक्या बेन, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलीला गोळी घालतात आणि तो पुटपुटतो, 'त्याने नियम बदलले.' प्रसंग जबरदस्त, वादच नाही. पण कुठले नियम? बेन आणि त्याचा वैरी विडमोर यांच्यात असले नियम कुणी घातले, मोडल्यावर काय होतं, हे शेवटपर्यंत कुणी धड सांगितलं नाही. सहाव्या सीझनमध्ये बेटाचा रक्षक जेकब आणि काळा धूर झालेला त्याचा भाऊ, हे दोन भाऊ एकमेकांना मारू शकत नाहीत, का, तर त्यांना वाढवणाऱ्या बाईने तशी तजवीज केली. झालं! मालिकेने तोंडाला पानं पुसली.

आमचे पार्टनर, मूळचे साताऱ्याचे, शेवटचा भाग बघून म्हणाले, 'अरे, ते सगळे पहिल्याच भागात मेलेले. मेलेल्यांना कसले नियम? फाड ती वही.' हे साफ चूक आहे. शेवटी मेल्यानंतर सगळे जमतात त्या चर्चमध्ये नायक जॅकचा बाप स्वच्छ सांगतो की बेटावर घडलं ते खरं होतं. कुणी आधी मेलं, कुणी पुष्कळ नंतर. घोळ झाला तो चॅनेलने श्रेयनामावलीखाली विमानाच्या अवशेषांची दृश्यं चालवली म्हणून. पण हा माणूस आपल्या लग्नातसुद्धा, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, तेच तुणतुणं वाजवत होता.

असं होतं का, तर मालिका कधी संपणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. 'लॉस्ट'ची शेवटची तारीख २००७ च्या मे महिन्यात ठरली: उरलेले ४८ भाग, २०१० ला समाप्त. तोवर जॅकच्या टॅटूवर अख्खा एपिसोड खर्च झाला होता. आपल्याकडच्या डेली सोपला टीआरपी असेपर्यंत मरण नाही, तोच प्रकार. कालप्रवासाची जर्मन मालिका 'डार्क' तीन सीझनमध्ये आटोपली, तेहतीस वर्षांचं चक्र पहिल्यापासून होतं, ते शेवटपर्यंत निभावलं. डोकं दुखलं, पण फसवणूक वाटली नाही.

मुलं वाढतात त्याला इलाज नाही, हेही खरं. बेटावर तीन महिने होईतो 'लॉस्ट'मधल्या छोट्या वॉल्टचं काम करणारा पोरगा ताडमाड झाला; त्याचं रहस्य बाजूला पडलं ते मी माफ केलंय. आणि उत्तर दिलं की सगळे खूष, असंही नाही. एका मुलीच्या खुनाच्या रहस्यावर उभ्या असलेल्या अमेरिकन 'ट्विन पीक्स'ने चॅनेलच्या दबावाखाली दुसऱ्या सीझनमध्ये खुनी दाखवून टाकला, प्रेक्षक गळाले आणि १९९१ ला मालिका बंद पडली.

मला विचाराल तर मालिका संपल्यावरच बघायला घ्या आणि तिचे किती सीझन ठरवून केले होते ते आधी पाहा. 'पात्रांसाठी बघ रे, उत्तरं कशाला' असं कुणी म्हटलं तर त्याचं ऐकू नका. बेन मला आवडतो, म्हणूनच तो कुठल्या नियमापायी मुलगी गमावून बसला हे मला हवंय. पात्रं आणि नियम वेगळे काढताच येत नाहीत. ज्याला वही ठेवायचा कंटाळा असतो तो असं बोलतो.

हो, सांगायचं राहिलं: वर 'लॉस्ट'चा शेवट आणि 'ट्विन पीक्स'चीही थोडी माहिती फोडली आहे. बघायची असेल तर वरचं वाचू नका.