संशय कोणावर घ्यावा?

प्रश्न : अमेरिकेत पोलीस वर्ण पाहून माणसांना अडवतात, असे वाचले. ही समस्या खरी आहे, की अतिशयोक्ती? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : समस्या खरी आहे. न्यूयॉर्कमधील अडवून झडती घेण्याची पद्धत 2013 मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. अडवलेल्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) लोक बहुसंख्य होते आणि बहुतेकांवर पुढे काहीच कारवाई झाली नव्हती.

सोलापूरकरांना तर हा प्रश्न परका वाटूच नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले आणि पुढे त्याच कायद्याच्या 1911 च्या सुधारित रूपाच्या आधारे आपल्या शहरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली, जिथे माणसांना हजेरीच्या बंधनात ठेवले जाई. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला, तरी चोरी झाली की पोलिसांचा संशय आधी पारध्यांच्या पालांकडे वळतो, हा मला घोर अन्याय वाटतो. शिवाय त्या गडबडीत खरा चोर निसटतो. विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या यादीतून मुक्त झालेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये पोलिसांना बजावले आहे. आपल्या शेजारच्या कोणाला उचलून नेले, तर अटकेचे कारण लेखी मागावे आणि 24 तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले का, याची विचारणा अवश्य करावी.