‘सर्वांत शांत’ चौघी

एप्रिल सरला, निकाल लागले की माझ्याकडे दोन तऱ्हेचे पालक येतात. काहींच्या मुलाला बक्षीस मिळालेलं नसतं. काहींच्या मुलाला मिळालेलं असतं आणि तरी ते रडत असतं. पहिल्यांची व्यथा लगेच कळते. दुसऱ्यांची कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या दुपारी आलेली आई दुसऱ्यांपैकी. मुलगी पाचवीतली. निकालाच्या दिवशी बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली होती. आईनं पिशवीतून हिचं काढून टेबलावर ठेवलं. सोनेरी नक्षीची चौकट, मधोमध छापलेलं ‘सर्वांत शांत विद्यार्थिनी’, खाली टिंबांच्या रेघेवर स्केचपेननं लिहिलेलं नाव. लॅमिनेशन केलेलं असल्यामुळे फाडता आलं नव्हतं, पण एक कोपरा चक्क चावलेला होता.

“गादीखाली सापडलं, मॅडम. चादर बदलताना. आम्ही पेढे आणले आणि ही म्हणते, मला नकोच ते. पुरस्कार मिळाल्यावर कुणी रडतं का?”

आईला बाहेर बसवलं. मुलगी दहा मिनिटं पेनचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, “ताई, आमच्या वर्गात चार जणींना तेच मिळालंय. सर्वांत शांत चौघी कशा असतील?”

व्याकरणाच्या तासाला एवढं नेमकं उत्तर क्वचित मिळतं! पुढचं वाक्य जास्त बोचरं होतं. “आणि मी शांत नाहीये. बाई मला विचारतच नाहीत.”

मग वर्गात तू करतेस तरी काय, असं विचारल्यावर ती जी सुटली ती थांबेना. वर्गात वाचनाच्या पुस्तकांची एक पेटी आहे. पुस्तकांची पानं निघतात, मुखपृष्ठं लोंबतात. ही मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवून ती चिकटवते. आधी डिंक लावायची, पण पानं एकमेकांना चिकटायची, म्हणून आता घरून कणकेची खळ नेते. मुखपृष्ठाला खाकी कागद, वर नंबर. कुणी सांगितलेलं नाही. बाईंना वाटत होतं, शिपाईमामा करतात.

आईची आणि मुलीची परवानगी घेऊन मी बाईंना फोन केला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी त्या स्वतः भेटायला आल्या. “अहो, ४४ मुलं. कुणी राहून जायला नको म्हणून सगळ्यांना द्यायचं ठरवलं. रात्री अकराला तिसाव्या नावाशी पोचले आणि पुढे सुचेचना. मग उरलेल्यांत शांत, गुणी, नीटनेटका असं वाटून टाकलं.”

मी त्यांना दोष दिला नाही. एप्रिलमध्ये निकालपत्रकं आणि प्रगतिपुस्तकं एकाच वेळी अंगावर आलेली असतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदीही आहेत. कल्पना उत्तम होती, शिक्षकानं प्रत्येक मुलाबद्दल पाहिलेलं लिहावं. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि ‘विशेष प्रगती’खाली अर्ध्या वर्गाची एकच ओळ येते. मूल दुसऱ्याचं प्रगतिपुस्तक उघडून बघतंच. त्याला कळतं.

बाईंचा खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो बहुतेक शिक्षकांचा असतो: सगळ्यांना दिलं तर किंमत राहत नाही, तिघांना दिलं तर बाकीचे हिरमुसतात, मग करायचं काय?

माझ्या मते किती जणांना दिलं यानं फार बिघडत नाही. कागदावर स्वभाव लिहिला की बिघडतं. ‘शांत’ हे लेबल झालं. तारीख-वार असलेली एखादी कृती लिहिली, तर आपल्याला कुणीतरी पाहिलं हे मुलाला कळतं. म्हणून मी त्यांना शंभर पानी वही घ्यायला सांगितली. एका मुलाला दोन पानं, आठवड्यातून पाच-सहा नोंदी, दोन ओळींहून मोठी एकही नको. दिवाळीच्या सुट्टीत वही चाळायची आणि कोरी पानं कुणाची आहेत ते बघायचं. ती मुलं काही करत नाहीत असं नसतं, आपली नजर तिथं गेलेली नसते. तरीही काही पानं कोरी राहिली तर मुलांनाच चिठ्ठीवर लिहायला सांगायचं, या वर्षी तुला कुणी काय मदत केली? शिक्षकाला न दिसलेलं बरंच काही त्या चिठ्ठ्यांत निघतं.

बाईंना पुरस्कारांची यादी जूनमध्येच भिंतीवर लावायची होती. ते मी थांबवलं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत चित्रं काढायची हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलं की सोनेरी चांदणी आणि रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची हौस टिकली. आमच्या मुलीला खळ लावण्याचे गुण मिळणार असते, तर कदाचित तिनं पुस्तकंच मुद्दाम उसवली असती (हे मी बाईंना गमतीत म्हटलं, पण त्या हसल्या नाहीत).

आणि ‘बडबड सम्राट’, ‘लेटलतीफ’ असले विनोदी पुरस्कार तर नकोच. त्या दिवशी वर्ग हसतो आणि मूल ते नाव दहावीपर्यंत वागवतं.

आईला मी एवढंच सांगितलं की ‘किती छान आहे गं’ म्हणत ते प्रमाणपत्र भिंतीवर लावू नका. तिला आवडलं नाही तर नाही आवडलं. पेटीतली पुस्तकं बघायला मात्र एकदा शाळेत जाऊन या.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी मुलीला सहावीच्या वर्गातून बोलावून घेतलं आणि वहीचा अर्धा कागद हातात दिला. चौकट नाही, लॅमिनेशन नाही. ‘गेल्या वर्षी तू पेटीतली २३ पुस्तकं दुरुस्त केलीस. मला वर्षभर कळलं नाही. आता एकेक मोजली.’ खाली सही आणि तारीख.

मुलीनं तो तिथंच उभ्याउभ्या वाचला, बाईंचं पेन मागितलं आणि २३ खोडून २६ केलं. तीन पुस्तकं अजून मुलांच्या घरी होती.