नवीन इअरफोनला बासच नाही, पीस खराब आहे का?

परत करायची घाई करू नका, आधी रबरी टिप बदलून बघा. कानात टिप नीट सील झाली नाही की बास तिथल्या फटीतून निघून जातो, साधारण २०० हर्ट्झच्या खालचं सगळं पातळ होतं आणि वरचा आवाज मात्र तसाच राहतो, म्हणून वाटतं की इअरफोनच कर्कश आहे. माझंही तेच झालेलं, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर ताशा कडकडीत आणि ढोलाची थाप गायब, मग डाव्या कानाला मोठी टिप लावली (दोन्ही कान सारखे नसतात हो!) आणि थाप एकदम छातीत बसली.

मोठे हेडफोन असतील तर चष्म्याची काडी कुशन उचलते, तिथूनही बास गळतो. हलकेच दाबून बघा, बास वाढला तर फिटिंगचाच प्रॉब्लेम. ओपन-बॅक (कपाची मागची बाजू जाळीदार, उघडी असलेल्या) मॉडेलमध्ये मात्र अगदी खोल बास मुळातच कमी असतो. आणि टेस्ट घरी शांततेत करा, पीएमपीच्या बसमध्ये इंजिनची घरघर बास झाकून टाकते.