दारूगोळ्याचा पैसा घरात आला तर

या वेळी तीनच पत्रं घेतोय. तिन्ही एकाच विषयावरची निघाली, ठरवून नाही, एकाच आठवड्यात आली एवढंच. जागा कमी पडेल म्हणून मूळव्याधीवाले काका आणि सोसायटीतल्या पार्किंगवाल्या ताई, तुमचं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: मी आयटीत आहे, वय ३४. मित्राच्या सांगण्यावरून डिफेन्स कंपन्यांचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. मे २०२५ मधे ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा दर दहा मिनिटाला ॲप उघडून बघत होतो. १० तारखेला, शनिवारी, शस्त्रसंधीची बातमी आली आणि मनात पहिला विचार काय आला तर, अरे, आता सोमवारी पडणार का? पडले नाहीत, उलट त्या आठवड्यात जोरात चढले, पण त्या विचाराची लाज अजून वाटते. बायको म्हणते एवढं काय, सरकारी कंपन्या आहेत, देशाचंच काम आहे. विकून टाकू का? (वाचक, ठाणे)

उत्तर: दादा, शेअर ठेवायचे की विकायचे ते नंतर बघू, आधी तो सोमवारवाला विचार, कारण तुमचा सगळा प्रश्न त्यातच आहे आणि तुम्हाला तो कळलाय म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंय.

माझं सांगतो. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालची फॅक्टरी, म्हणजे इंग्रजांसाठी काडतुसं बनवायची, मग आपल्यासाठी. आमच्या क्वार्टर्समधे लढाईला दुसरा शब्द होता, ओटी. सीमेवर काही वाजलं की रात्रपाळ्या लागायच्या, रविवार भरला जायचा, ओव्हरटाइमचा पैसा यायचा आणि त्या पैशात कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या गावच्या घरावर पत्रा. ७१ ला मी आठ वर्षांचा. आईनं शिलाई मशीन हप्त्यावर घेतलेलं, ते ओटीच्या भरवशावर. १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीची बातमी रेडिओवर आली, अख्खी कॉलनी रस्त्यावर, पेढे वाटतायत, आणि आई आतून म्हणाली, तेरा दिवसांतच आटपलं होय? चेष्टेत म्हणाली असेल. वडील काही बोलले नाहीत, हातातला पेढा तसाच खिडकीत ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. आई काही दुष्ट बाई नव्हती हो, शेजारच्यांचा मुलगा फौजेत होता त्याच्यासाठी ती ते तेराही दिवस देवापुढे दिवा लावत होती. दिवाही तिनेच लावला आणि ते वाक्यही तिचंच.

म्हणून मला बंदूक बनवणं पाप की पुण्य या वादात फारसा रस नाही. फौज हवी असेल तर गोळी हवी, गोळी हवी तर ती कोणीतरी बनवणार, आणि बनवणारा काही फुकट बनवणार नाही, घरी त्यालाही चूल आहे. मला एवढंच विचारावंसं वाटतं की या पैशामुळे माणूस कशाची वाट बघायला लागतो. डॉक्टरचंही पोट आजारावर चालतं, मान्य, पण साथ यावी म्हणून वाट बघणारा डॉक्टर आपल्याला चालत नाही ना, तसंच.

आता ज्याच्या नावाचं बक्षीस आहे त्या डायनामाइटवाल्या नोबेलचं घर बघा. आल्फ्रेड नोबेलचे वडील इमॅन्युएल, स्टॉकहोमचे, पण धंदा रशियात, सेंट पीटर्सबर्गला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते ५६) त्यांनी रशियन आरमाराला पाण्यातले सुरुंग पुरवले, कारखाना जोरात चालला. मग युद्ध संपलं, सरकारी ऑर्डरी थांबल्या आणि १८५९ पर्यंत म्हातारा पार बुडाला. शांतता झाली म्हणून घर बसलं! आल्फ्रेडनं हे विशी-पंचविशीत स्वतःच्या घरात बघितलं.

ही झाली नुसती वाट बघणारी मंडळी. त्याच्यापुढची पायरी म्हणजे वाट बघत न बसता स्वतःच हलणारा. बेसिल झहारॉफ नावाचा एक शस्त्रदलाल होता, नॉर्डनफेल्ट कंपनीचा माणूस. १८८० च्या दशकात त्यानं ग्रीसला एक पाणबुडी विकली. लगेच तुर्कस्तानकडे गेला, बघा शेजाऱ्याकडे पाणबुडी आली, तुमचं काय? तुर्कस्ताननं घाबरून दोन घेतल्या. गंमत म्हणजे पाणबुड्या जेमतेम चालायच्या, पण माल पाणबुडी नव्हताच मुळी, माल होता भीती, आणि ती मात्र एकदम चालली.

तुमच्या बायकोचा मुद्दा मी उडवून लावत नाही, त्यात दम आहे. बोफोर्सच घ्या. मार्च १९८६ मधे आपण ४१० तोफांचा करार केला, १४३७ कोटींचा, पुढच्या वर्षी एप्रिलात स्वीडनच्या रेडिओनं लाचेची बातमी फोडली आणि आपल्याकडे बोफोर्स हा शब्दच शिवी झाला, आमच्या नाक्यावर कुणी पैसे खाल्ले की त्याला बोफोर्स म्हणायचे. आणि त्याच तोफांनी १९९९ ला कारगिलमधे डोंगरावरची ठाणी फोडली, खालून चढणाऱ्या जवानांना त्यांचाच आधार होता. तोफ चोख आणि व्यवहार नासका, असं एकाच वेळी असू शकतं. सरकारी की खासगी यानं एवढाच फरक पडतो की नफा शेवटी कुणाच्या खिशात जातो आणि प्रश्न कुणाला विचारायचा. आपल्या ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या, त्यातली दारूगोळ्याची कंपनी पुण्यातच आहे. मालक अजून सरकारच, पण कंपनी झाली म्हणजे ताळेबंद आला, टार्गेट आलं, एक्स्पोर्टची ऑर्डर मिळाली की बातमी आली. माल नेमका कोणत्या देशात जातो आणि तिथे तो कुणावर रोखला जातो हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ती लावून घ्या म्हणतो मी, शेअरहोल्डर आहात तर वार्षिक अहवाल उघडून तरी बघा, ॲपमधल्या हिरव्या आकड्यापेक्षा त्यात जास्त असतं.

एक हिशोबही सांगून ठेवतो. बाजारात शेअर तुम्ही दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून घेतला, कंपनीच्या हातात त्यातला रुपयाही गेला नाही. म्हणजे तुमच्या पैशानं बॉम्ब बनला वगैरे डोक्यातून काढा. तुम्ही विकलेत तर कंपनीलाही काही कळणार नाही. नॉर्वेचा तेलाच्या पैशाचा सरकारी फंड आहे, प्रचंड मोठा, त्यांनी २००४ मधे नियम केले आणि क्लस्टर बॉम्ब, भूसुरुंग, अण्वस्त्रांचे भाग बनवणाऱ्या कंपन्या वगळत गेले. लगेच नॉर्वे साधू झाला असं समजू नका, काँग्सबर्ग नावाची त्यांची क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी आहे, तिचा निम्म्याहून किंचित जास्त हिस्सा नॉर्वे सरकारकडेच आहे. पण कुठेतरी रेघ मारली हे मला पटतं. जे हत्यार सैनिक आणि शेतात खेळणारं पोर यात फरक करत नाही, ते आमच्या पैशात नको, एवढी साधी रेघ. (भूसुरुंग बंदीचा करार १९९७ चा, आपण त्यावर सही केलेली नाही, सीमेचं कारण देतो. त्यावर एकदा वेगळं लिहीन, इथे सुरू केलं तर संपादक ओरडतील.)

आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर विकले असते. शेअर पापाचे म्हणून नाही, दर दहा मिनिटाला ॲप उघडत होतो म्हणून. ज्याला अशा वेळी ॲप न उघडता झोप लागते त्यानं खुशाल ठेवावेत, त्याच्याशी माझं भांडण नाही.

प्रश्न: शाळेत शिक्षिका आहे. नववीच्या एका मुलानं विचारलं, मॅडम, डायनामाइट विकून कमावलेल्या पैशातून शांततेचं बक्षीस देणं म्हणजे ढोंग नाही का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. काय सांगायला हवं होतं? (वाचक, सातारा)

उत्तर: ताई, पोरगं हुशार आहे, पण त्याला आधी सांगा की डायनामाइट हे मुख्यतः डोंगर फोडायचं साधन होतं. आपल्या बोरघाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली, डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, म्हणजे तो अख्खा घाट काळ्या दारूनं फोडलेला. नायट्रोग्लिसरीन नोबेलनं शोधलं नाही, ते १८४७ मधे सोब्रेरो या इटालियनाने बनवलं आणि त्यात स्वतःचा चेहरा भाजून घेतला, ते वापरात आणावं असं त्याला वाटतच नव्हतं. नोबेलनं ते वापरायला घेतलं. ३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोमच्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला, आणखीही माणसं गेली. तरी थांबला नाही, मातीत मुरवून ते हाताळता येईल असं केलं, तेच डायनामाइट. इथपर्यंत मी त्याच्या बाजूनं आहे.

माझी अडचण पुढे सुरू होते. १८८७ ची बॅलिस्टाइट ही त्याची बिनधुराची दारू, ती डोंगरासाठी नव्हती, बंदुका-तोफांसाठीच होती. आणि १८९४ मधे त्यानं कोणती कंपनी घेतली असेल? बोफोर्स! हो, तीच. तोफा बनवणारी कंपनी घेतली १८९४ ला आणि मृत्युपत्रावर सही केली २७ नोव्हेंबर १८९५ ला, मधे जेमतेम वर्ष-दोन वर्षं. मेलेल्या भावाऐवजी पेपरनं ह्याचीच मृत्यूची बातमी छापली आणि मग ह्याला पश्चात्ताप झाला, ती व्हॉट्सॲपवाली गोष्ट मला म्हणूनच पचत नाही, पश्चात्ताप झालेला माणूस तोफांचा कारखाना कशाला विकत घेईल?

माझ्या मते त्याचा हिशोबच वेगळा होता. त्याची मैत्रीण बर्था फोन सुटनर युद्धाविरुद्ध आयुष्यभर लढली (१९०५ चं शांततेचं नोबेल तिलाच मिळालं), तिला तो म्हणायचा की तुमच्या परिषदांच्या आधी माझे कारखानेच युद्ध संपवतील, दोन सैन्यं एका सेकंदात एकमेकांना नष्ट करू शकतील त्या दिवशी सगळे देश घाबरून मागे सरतील. तो गेला १० डिसेंबर १८९६ ला. १९१४ ला युरोप काय मागे सरला नाही. त्याला ढोंगी म्हणवत नाही मला, चुकला म्हणवतं. आणि जो अंदाज बरोबर निघाला तर आपलाच धंदा धर्मकार्य ठरतो, तो अंदाज माणूस जरा कमीच तपासून बघतो, नाही का?

मुलाला हे सगळं सांगा आणि उत्तर त्यालाच लिहायला लावा. आलेलं उत्तर मला पाठवलंत तर आवडेल.

प्रश्न: माझे मिस्टर विहिरी आणि खाणीच्या ब्लास्टिंगचं काम करतात, सगळं लायसन्सवर. सासूबाई जुन्या विचाराच्या, म्हणतात बारूदीचा पैसा घराला लाभत नाही. आमच्या स्वतःच्या विहिरीचं पण काम काढलंय. मन खट्टू होतं. (वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा तुमच्याकडची जिलेटिनची कांडी ही नोबेलच्याच १८७५ च्या जिलेटिनची नातवंडं. आत आता नायट्रोग्लिसरीन नसतं, स्लरी नाहीतर इमल्शन, म्हणजे पाणी घालून बनवलेलं दुसरं स्फोटक असतं, पण नाव चिकटलंय. त्या कांडीनं विहिरीला पाणी लागतं, खाणीतून कोळसा निघतो आणि त्या कोळशावर सासूबाईंचा पंखा फिरतो. यात न लाभण्यासारखं काय आहे?

सासूबाईंच्या बोलण्यात भीतीही असेल हं, पापापेक्षा जास्त तीच असेल. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात नऊ माणसं गेली, त्यातल्या बहुतेक बायका. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आठ गेली. हे विदर्भातल्या घराघरात माहीत आहे. नफ्याचा हिशोब मांडताना हाताळणाऱ्याच्या पगाराचा, ट्रेनिंगचा, विम्याचा कॉलम कुठाय ते आधी बघावं, मिस्टरांकडे हाताखाली पोरं असतील तर त्यांनीही बघावं.

आणि एक गोष्ट, रागावू नका. कधीतरी रात्री कुणीतरी ओळखीचा येतो, म्हणतो चार कांड्या आणि दोन केप (कांडी उडवणारी टोपी) द्या हो, बिल नको, डबल पैसे घ्या. नदीत मासे मारायचे असतात, नाहीतर त्याहून वाईट काही. स्फोटकानं मासे मारायला आपल्याकडे १८९७ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी दरवर्षी कुणाचा तरी हात जातो. स्फोटकं ठेवायच्या मॅगझीनच्या रजिस्टरमधे (आमचं छापायचं मॅगझीन वेगळं, तुमचं कुलपातलं वेगळं, आमचं उघडं पडलं तरी फार तर कुणाला झोप लागते) शिल्लक कांडी न कांडी लिहिली जातेय ना, एवढं मिस्टरांना विचारा. जात असेल तर ते रजिस्टरच सासूबाईंपुढे ठेवा.

विहिरीला पाणी किती फुटावर लागलं ते मात्र कळवा.