वॉर्डात पहिल्यांदा जाताना

समलिंगी आणि ट्रान्स कॅन्सर पेशंटच्या मदतीला नव्यानं आलायस म्हणून सांगतो. पेशंटसोबतच्या माणसाला 'तुम्ही यांचे कोण?' असं चारचौघांत विचारू नकोस. राधानगरी-गडहिंग्लजकडून एसटीनं आलेल्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर कुणीतरी गावचाच निघतो, आणि पेशंटच्या आधी बातमी घरी पोचते. बोलायचंच तर बाहेर चहाच्या गाड्यावर बोल. ट्रान्स पेशंटच्या केसपेपरवर जुनं नाव असलं तर आडनावानं हाक मारा, असं सिस्टरना हळूच सुचव.

सगळ्यात जास्त हाल जोडीदाराचे होतात. रात्रभर उशाशी तो बसतो, आणि सहीला बोलावतात वर्षानुवर्षं न बोललेल्या भावाला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून 2018 साली सुटका झाली, पण समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निकालातही मान्यता मिळाली नाही. म्हणून पेशंटची तब्येत बरी असतानाच, आजाराची माहिती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे त्याच्याकडून लिहून घे आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. बँकेत जोडीदाराला नॉमिनी करता येतं. अर्थ मंत्रालयानं 2024 मध्ये तसं स्पष्टच केलंय.

ट्रान्स पुरुषालाही, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण पुरुष असलेल्या माणसालाही, गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. त्याला बायकांच्या रांगेत तासभर बसवलं तर तो पुढच्या तारखेला येईलच असं नाही. ओपीडीत आधी बोलून ठेव. हार्मोन्स चालू असतील तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायला लाव, मनानं बंद करू देऊ नकोस.

रात्री-अपरात्री पेशंटचा किंवा जोडीदाराचा धीर सुटला तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू दे.